दारूचं माप

आजही सगळ्या गोळ्या वर्तुळाच्या खालीच लागल्या. लष्कराने मोडीत काढलेली जुनाट रायफल मांडीवर घेऊन श्रीनिवासराव बाकावर टेकले. नजर गेली, आता हिला विकून टाकावं झालं.

सवयीने ते खांदा चोळायला गेले आणि थबकले. खांदा दुखतच नव्हता. पूर्वी प्रत्येक बाराला दस्त्याचा धक्का बसून कळ मस्तकात जायची.

उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्यांत पुन्हा दारू भरायचं काम बायकोचं, कुमुदचं. सोनाराच्या काट्यावर तोलून भरायची ती. दारू चुकून कमी पडून धक्का मऊ होणं, गोळ्या खाली जाणं शक्यच नव्हतं.

“खांदा काय म्हणतोय?” मागून कुमुदने विचारलं.

“हल्ली काही म्हणत नाही.”

“दमलात. निघू या?”

“थांब. काडतुसांची अजून एक डबी काढ,” म्हणत त्यांनी, गोळी वर लागावी म्हणून, नेमाची पट्टी गुपचूप एक खाच वर सरकवली.