निळी विहीर

पडद्यावर आपली विहीर निळी दिसली आणि तोताराम बसल्या जागी पुढे सरकला.

निळी म्हणजे भरपूर पाणी, लाल म्हणजे उन्हाळ्यात कोरडी. जळगावहून आलेल्या कामिनी मॅडम ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये समजावून सांगत होत्या. गावाचं भूजल त्यांनी कॉम्प्युटरवर मांडलं होतं. नाल्याचं पाणी कुठे जिरवलं तर कोणाच्या विहिरीला उतरेल, हे एकेक जागा धरून तपासलं होतं. ज्याची अडचण मोठी, त्याला आधी.

"म्हणून पाणी जिरवायचं काम इथे," त्यांनी एका लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. ती तोतारामच्या शेजारच्या मोतीलालची विहीर.

पुन्हा मोतीलालच! याची केळी कंटेनरमध्ये बसून परदेशी जाते, सरपंच याच्याच ओट्यावर चहा पितो, आणि आता नालाही याच्याच दारात. तोतारामच्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

खरं तर तोतारामचीच विहीर होळीआधी तळाला जायची. पण हिवाळ्यात मॅडमची मंडळी शेतावर विचारायला आली, तेव्हा मोतीलाल बांधावर उभा होता. उन्हाळ्यात मोटर किती चालते, या प्रश्नाला त्याने सरळ सांगून टाकलं, "घंटाभर." त्याच्यासमोर कमीपणा कोण घेणार? "मनी मोटर दिनभर चालस," तोताराम म्हणाला होता.

"कुणाची माहिती चुकली असेल तर आत्ताच सांगा," मॅडम म्हणाल्या. "माहिती बदलली तर जागाही बदलेल."

तोताराम अर्धा उठला. त्याची केळी आत्ताच माना टाकत होती, वैशाख अजून लांब होता. तेवढ्यात मोतीलालने वळून पाहिलं.

"बराबर शे बठ्ठं," सगळं बरोबर असल्याचं सांगत तोताराम खाली बसला.

मॅडमनी जागा पक्की केली. टाळ्या पडल्या. मोतीलाल सरकत त्याच्याजवळ आला आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तोतारामभाऊ, हाई काम व्हई तवलग मना बागले पानी देशी का?"

सगळा हॉल बघत होता.

"देसू ना," तोताराम म्हणाला. "माले काय कमी शे?"

मोतीलालचा चेहरा खुलला. तो लगेच उभा राहिला.

"एरंडोलहून नवा पाइप आनेल शे, ट्रॅक्टरमाच शे. चाल भाऊ, आतेच जोडी देऊत."