सोफ्याचा पाचवा पाय

भागूबाई सोफ्यावर धपकन बसल्या आणि सोफा जागचा हलला नाही. समोरच्या खुर्चीत बसलेल्या गहिनीनाथाचा जीव भांड्यात पडला.

पाहुणे घर बघायला आले होते. भागूबाई मुलीची आत्या; शेजारी मुलीचे वडील आणि मामा. गहिनीनाथाच्या धाकट्यासाठी, ओंकारसाठी, आजवर जो कोणी घर बघून गेला त्यानं पुन्हा फोन केला नव्हता. हे स्थळ गेलं तर पोरगं बिनलग्नाचं राहणार, एवढं गहिनीनाथालाही कळत होतं. मागच्या पाहुण्यांचे मामा बसायला वाकले तेव्हा सोफा मागे गेला होता आणि मामा फरशीवर.

फरशी तशीच होती. तोंड दिसेल अशी गुळगुळीत. ती बसवल्यापासून घरातली माणसं भिंत धरून चालायची. सोफ्याखाली रबर लावू म्हटलं, तर रबराचे काळे डाग पडतात. सतरंजी घालू म्हटलं, तर मग फरशी दिसणार कशी? सोफा भिंतीला लावायचा नाही, हातभर पुढे ठेवायचा, कारण गहिनीनाथानं शेवगावात कुणाच्या तरी बंगल्यात तसा बघितला होता. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे ते होतं, आणि थोरली सून ते मोजत होती.

आरती सोफ्यामागे उभी होती. डोक्यावर पदर, तोंडावर हसू, पाठ भिंतीला आणि उजवा पाय सोफ्याला दाबून धरलेला. तिचा नवरा सुप्याला कंपनीत ड्युटीवर. युक्ती सासऱ्याची. सकाळी ती सांगताना त्याला स्वतःच्या डोक्याचं कौतुकही वाटलं होतं. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो ओंकार मोबाईलमध्ये बघून केस नीट करत होता.

"पक्का माल हाय," गहिनीनाथ सोफ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "हालत न्हाई, डुलत न्हाई."

"दिसतंय," भागूबाई म्हणाल्या.

पाऊसपाणी झालं, ऊस झाला, कांदा झाला. गाडी चहाशी आली आणि तिथेच अडली. चहा कोण आणणार याचा विचार या शहाण्यांनी केलाच नव्हता. घर बघायला आलेल्यांना चहा सुनेनं द्यायचा, सुनेनं पाया पडायचं. तिच्याकडे बघूनच तर पाहुणे घर ओळखतात. आणि सून अडकली होती सोफ्याला. गहिनीनाथाची बायको मनकर्णा स्वयंपाकघराच्या दारातून सारखी डोकावत होती, पण सून असताना सासूनं ट्रे आणायचा म्हणजे घराचं नाक गेलं. ओंकारनं आणावा, हे तर कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. आत चहावर साय धरली.

"सूनबाई, ये की म्होरं," भागूबाई म्हणाल्या. "तितनंच किती हसशील?"

आरतीनं सासऱ्याकडे पाहिलं. त्यानं डोळे वटारले.

"ऱ्हाऊ द्या ताई. तिला उभं ऱ्हायाची सवय हाय."

भागूबाई वळल्या आणि सोफ्याच्या पाठीवरून वाकून मागे बघितलं. ताणलेला अनवाणी पाय, थरथरणारा घोटा, जोडव्यातली पांढरी पडलेली बोटं. त्या सरळ होऊन बसल्या.

"सोफ्याला थोरली लावलीय," त्या म्हणाल्या. "मंग ह्या खुर्च्या धराया आमची पोरगी नेताय व्हय?"

मामा खाली बघू लागले. दुसऱ्या कुणाला इथे लाज वाटली असती. गहिनीनाथाला फक्त स्थळ निसटताना दिसलं, आणि तो घाईघाईनं, अगदी मनापासून बोलून गेला.

"न्हाई न्हाई ताई! तुमच्या पोरीला कशाला? खुर्च्या बी थोरलीच बघंल की!"

मग भागूबाईंनी भावाला कोपरानं पलीकडे सरकवलं आणि मोकळी झालेली जागा हातानं थोपटली.

"ये गं बाई. बस हितं."

आरतीनं पाय काढला. सोफ्याला वळसा घालून ती लंगडत पुढे आली, सासऱ्याकडे न बघता, आणि पाहुण्यांच्या मधोमध बसली. सोफा हातभर मागे सरकला, भिंतीला टेकला आणि थांबला.