सातचा ठिपका

टेबलावरच्या बारा फोनपैकी कुठला तरी चुगली करत होता.

सगळे फोन निजलेले होते. निजलेल्या फोनने तोंड मिटून पडायचं, हाच तर त्यांचा मोठेपणा. खोलीच्या इंटरनेटवरून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट भिंतीवरच्या पडद्यावर उमटायची, आणि आज शेवटच्या चाचणीला तो पडदा कोरा राहायला हवा होता. पण दर दहा मिनिटांनी एक ओळ येत होती. मालक कुठे आहे, हे कुणीतरी बाहेर कळवत होतं.

आठ वाजता सह्या व्हायच्या होत्या. एका बाजूला फोन बनवणारी बडी कंपनी, दुसऱ्या बाजूला मालकाचं गुपित जपणारी प्रणाली लिहिणारी आठ-दहा माणसं. सोयरीक जुळत आली होती आणि ऐन वेळी दोन्ही पक्षांची जुंपली. कंपनीवाले म्हणत, तुमच्या प्रणालीला भोकं आहेत. प्रणालीवाले म्हणत, तुमच्या यंत्रातच खोट आहे. एकाने तर लॅपटॉप मिटून पिशवीतही घातला.

चाचणी घेणारी मुलगी कोपऱ्यात उभी होती. ऑफिसात तिला सगळे कुलूपबाई म्हणत. तिच्या हाताखालून गेलेला फोन मालकाबद्दल ब्र काढत नसे. पुढची ओळ उमटली तेव्हा तिने घड्याळ पाहिलं, मग खुर्चीला अडकवलेली आपली पर्स पाहिली. आजवरच्या चाचण्या तळमजल्यावर झाल्या होत्या. आजचीच तेवढी तिच्या खोलीत होती.

"फोन नाही बोलत आहेत, मॅडम," ती कंपनीच्या बाजूने बसलेल्या आपल्या वरिष्ठांना म्हणाली. "माझी पर्स बोलतेय."

पर्समधून एक जुना, काचेला तडा गेलेला फोन निघाला. त्यातलं सिम केव्हाच नव्या फोनात गेलं होतं. तो खोलीच्या इंटरनेटवर चालायचा.

"तुझ्याकडे तर आपलाच नवा फोन आहे ना? वर्षभर वापरतेयस," मॅडम म्हणाल्या. "मग हे भंगार कशाला?"

"नवा फोन मी कुठे आहे ते कुणालाच सांगत नाही."

"मग? त्याचाच तर आपण पगार घेतो."

मॅडमनी कपाळावर हात मारला, पण आवाज चढवला नाही. "बंद कर तो. आता साडेसहा झालेत. साडेसातपर्यंत पडदा कोरा राहिला तर सुटलो."

"सात होऊन जाऊ देत, मॅडम. मग करते."

"सातला काय आहे?"

सांगणं भागच होतं. तिच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. तिने तिथेच बसावं अशी त्यांची इच्छा. तिने ही नोकरी धरली, तेव्हा शब्दाने शब्द वाढला. जातेस तर फोन करू नकोस, मीही करणार नाही, असं ते म्हणाले. ती तरी कुठली कमी, त्यांचीच मुलगी. नाही करणार, म्हणाली. चार वर्षं दोघांनी शब्द पाळला. पण कॉलेजात असताना रात्री उशीर व्हायचा, म्हणून तिने त्यांच्या फोनच्या नकाशावर आपला ठिपका लावून दिला होता, तो दोघांनीही काढला नाही. संध्याकाळी सातला ते दुकानाचं शटर ओढत आणि ठिपका पाहत. मग तिच्या जुन्या फोनवर नकाशाकडून आपोआप दोन शब्द येत: बाबांनी पाहिलं. त्या दोन शब्दांवर ती दिवस काढत होती.

"आज ठिपका दिसला नाही तर त्यांना वाटेल, मीच तोडलं," ती म्हणाली. "आणि मला काही सांगताही येणार नाही."

"बाहेर नेऊन ठेव ना."

"चाचणी संपेपर्यंत खोलीबाहेर काही न्यायचं नाही. नियम मीच लिहिलाय."

कुणी हसलं नाही. पिशवी भरून बसलेला माणूससुद्धा नाही. तिने त्या सगळ्यांकडे पाहिलं आणि जुन्या फोनचं बटण दाबून धरलं. काच काळी झाली.

पावणेसातला पडदा कोरा होता. सातलाही कोराच. हायसं वाटून मंडळी पाणी प्यायली, लॅपटॉप पिशवीतून बाहेर आला. ती तेवढी त्या काळ्या काचेकडे बघत बसली. आता त्यांनी शटर ओढलं असेल. आता चष्मा कपाळावर सरकवून ते नकाशा शोधत असतील. तिला रडू येत होतं आणि लोकांसमोर रडायचं नव्हतं.

सात वाजून चार मिनिटांनी तिचा नवा फोन वाजला. नंबरला नाव नव्हतं. तिला नावाची गरजही नव्हती. तिने घाबरून मॅडमकडे पाहिलं.

"घे," मॅडम म्हणाल्या. "चाचणी निजलेल्या फोनांची आहे, माणसांची नाही."

"कुठे आहेस तू?" पलीकडून बाबांचा आवाज आला. धाप लागल्यासारखा.

कुलूपबाईने सगळं सांगून टाकलं. इमारत सांगितली, मजला सांगितला, डाव्या हाताची दुसरी खोली, खिडकीजवळची खुर्ची. "बाबा, तुम्ही फोन केलात," ती शेवटी म्हणाली.

"मग काय करू? रोज दिसतेस, तेव्हा विचारणार तरी काय होतो?"

बराच वेळ ती ऐकत राहिली. फोन ठेवला तेव्हा साडेसात होऊन गेले होते आणि पडद्यावर अजून एकही ओळ नव्हती. मॅडमनी तो जुना फोन उचलून तिच्यापुढे धरला.

"झाली चाचणी. कर आता चालू."

तिने तो घेतला आणि तसाच, बंदच, पर्समध्ये टाकला.

"नको, मॅडम. उद्या सातला त्यांना पुन्हा विचारू दे."