बदकणं
या, बसा ह्या पोत्यावर, एका शब्दाची गोष्ट सांगतो. 'बदकणं' तुम्हाला कुठल्याच पुस्तकात सापडायचं नाही, कारण ते ह्या गोदामात जन्मलं आणि माझ्या कमरेतून निघालं. मुकादमानं मला ओल्या फळीवरून दोन पोती एकदम न्यायला लावली. "अहो, एकेक नेतो," म्हटलं, तर म्हणाला, "ही काय तुझी सासुरवाडी आहे? उचल!" फळी सरकली आणि माझी कंबर कायमची गेली. पुन्हा कामावर आलो तो डुलत चालत, पोत्यांची तोंडं शिवायला. तेव्हा हाच माणूस सगळ्यांसमोर ओरडला, "बघा रे, बदक कसं बदकतंय!" झालं, कुणाचाही पाय वाकडा पडला की हमाल म्हणायचे, बदकतोय. माझ्या डोक्यात तिडीक जायची. पुढं मुकादम स्वतःच्याच न्हाणीघरात घसरला आणि काठी टेकत, डुलत कामावर आला. हमाल फिदीफिदी हसले. तो माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आता आपण दोघंही बदकतो, भाऊ." मी हात झटकला आणि शिवलेलं पोतं त्याच्या पायाशी ढकललं. "भाऊ कुणाला म्हणतोस? बदकतो तो ओझ्याखाली मोडलेला माणूस. हे पाठीवर घे, चार पावलं टाक, मग बोल. तोवर तू नुसता लंगडतोयस." पोत्याकडे बघून तो काठी टेकत मागं फिरला. असो, मालाची गाडी लागलीय, उठतो. माझी चाल बघून कुणी विचारलं तर एवढं करा, लंगडत गेला म्हणू नका. बदकत गेला म्हणा.