पावडर बंद

दुसरा रिपोर्टही बिघडलेलाच आला, तेव्हा दामिनीनं प्रोटीनचा डबा दिराच्या पुढ्यात आपटला.

"शुभम, खरं सांग. चालूच हाये ना तुही पावडर?"

"आईची शप्पथ वहिनी, कवाची बंद केली!"

शप्पथ घ्यायला काय जातं? तिच्या नवऱ्याच्या, गोवर्धनच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. धाकट्या भावाची जुळली, तेव्हा तिनं जठारपेठेत घरोघरी पेढे वाटले होते. अमरावतीच्या डॉक्टरांची अट एकच होती. पावडरीनं किडनी देणाऱ्याचा रिपोर्ट बिघडतो, ती पूर्ण बंद. रिपोर्ट सुधारल्याशिवाय ऑपरेशन नाही.

तेव्हाच शुभमचं तोंड उतरलं होतं. "ब्रेक घेतला तं बॉडी उतरन काय रे?" असं जिमवाल्या चंदनला फोनवर विचारताना तिनं स्वतः ऐकलं होतं. भाऊ मरणाच्या दारात आणि याला दंडांची काळजी!

गोवर्धन मात्र उलट तिलाच रागवायचा. "काहून पोराच्या मांगं लागली? लगन व्हाचं हाये त्याचं अजून."

इतकंच नाही, पावडरीच्या बदली तो रोज सकाळी शुभमसाठी सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून ठेवी. स्वतःला पाणीसुद्धा घोटघोट प्यायची सक्ती, पण भावाचा ग्लास काठोकाठ. जिमहून येऊन शुभम तो उभ्या उभ्या संपवी.

"दादा, गूळ जरा कमी टाकत जा ना."

"पी मुकाट्यानं."

ते लाड बघून दामिनीचा नुसता जळफळाट व्हायचा.

डबा फेकला तर हा दुसरा आणेल. त्यापेक्षा रंगेहाथ पकडायचा. तिनं डबा स्वयंपाकघरात गव्हाच्या कोठीमागं, जिथं सापडला होता तिथंच, परत ठेवला आणि आतल्या पावडरवर बोटानं फुली काढली. दुसऱ्या दिवशी फुली गायब. पावडरही खाली गेलेली.

तिसऱ्या तपासणीला अमरावतीला जायची वेळ आली. आदल्या सकाळी ती अंगणात तुळशीला पाणी घालत होती. तेवढ्यात आत डब्याचं झाकण वाजलं.

सापडला लेकाचा! तांब्या तिथंच टाकून ती वळली, तोच फाटकातून शुभमची गाडी आत आली. तो घामानं निथळत होता.

"काय झालं वहिनी?"

ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली.

कोठीजवळ गोवर्धन पाठमोरा उभा होता. त्यानं डब्यातली पावडर चमच्यानं सातूच्या ग्लासात टाकली, नीट ढवळली आणि पाऊल वाजलं तसं मागं न बघताच म्हणाला, "आला काय रे शुभम? झालंच पाय तुहं सातू."