गाण्यातल्या माणसाला फोन

दिनकर पाच वाजता येणार होता. त्याला नुसता चहा द्यायचा, हे ठरवून कुमुदिनीताईंनी चार वाजताच त्या गाण्यातल्या माणसाला फोन लावला. हल्ली कुठल्याही गाण्यातला ‘मी’ फोनवर बोलतो. गाण्याचं नाव सांगायचं, की स्वारी हजर.

“नमस्कार,” रेकॉर्डवरचाच मऊ आवाज आला.

“नमस्कार राहू द्या. ‘थांबू नकोस माझ्यासाठी, दिवा मात्र ठेव जळता,’ असं म्हणालात ना? मग तिनं थांबायचं होतं की नव्हतं?”

चाळीस वर्षांपूर्वी दिनकरनं रेडिओवर त्यांच्या नावानं या गाण्याची फर्माईश केली आणि तो नोकरीसाठी आफ्रिकेला निघून गेला. कुमुदिनीताई थांबल्या नाहीत. मिरजेच्या तारळेकरांशी लग्न झालं, संसार झाला. आता तारळेकर नाहीत; त्या आणि दिनकर, दोघंही एकटे. आणि परवा फोनवर दिनकर म्हणतो, “मी तर थांब म्हणालो होतो!”

गाण्यातला माणूस घुटमळला. “खरं सांगू? मलाच ठाऊक नाही. माझं सगळं आयुष्य सव्वातीन मिनिटांचं. दोन्ही बोललो आणि संपलो.”

“हे बरंय तुमचं!”

“रागावू नका. ज्यांनी हे गाणं कुणाला तरी पाठवलं, असे पुरुष मला रोज फोन करतात. आज सकाळीही एकांचा आला होता.”

“त्यांना काय विचारायचं असतं?”

“‘तेव्हा मला नक्की काय म्हणायचं होतं?’”

कुमुदिनीताईंनी फोन ठेवला. मग त्या उठल्या आणि पोह्यांसाठी कांदा चिरायला बसल्या.