पुलावरची वरात

"दोघंही नवरेच, तर वरात कुणाच्या दारात न्यायची?" बँकॉकमध्ये पुरुषा-पुरुषांच्या लग्नाच्या कायद्यावर चर्चा चालू होती तोवर प्रसोंगकाका गावच्या कॉफीच्या टपरीवर हा एकच प्रश्न टाकून सगळ्यांची तोंडं बंद करायचे. शेवटी कायदा झाला, आणि काकांच्याच मुलाने, थनिनने, निरुतशी लग्न ठरवलं. काका महिनाभर टपरीकडे फिरकले नाहीत.

लग्नाच्या सकाळी मात्र "मुलाकडचे आहोत आपण!" म्हणत काकांनीच ढोल लावले, पोरांच्या खांद्यावर केळीचे खुंट आणि ऊस दिले आणि वरात काढली. कालव्याच्या अरुंद पुलावर पोचून बघतात तर काय, समोरून निरुतची आई आपल्या मुलाची वरात घेऊन नाचत येतेय. तेही मुलाकडचेच! दोन्ही घरांना कुलपं. नवरदेवाला दारात सोनसाखळी आडवी धरून अडवायचं असतं, पण धरायला घरी कुणी उरलंच नव्हतं.

ढोल थांबले. सगळे काकांकडे बघायला लागले.

थनिन रडवेला झाला. "बाबा, आता 'मी सांगत नव्हतो?' असं म्हणू नका हं."

काकांनी गळ्यातली सोनसाखळी काढली, एक टोक बायकोच्या हातात दिलं, पुलावर आडवी ताणली आणि निरुतवर डाफरले, "आमचा मुलगा असा सहज मिळायचा नाही! आधी नाचून दाखव."

 

पलीकडे निरुतची आई आपल्या गळ्याशी झटापट करत ओरडली, "माझ्याही साखळीचं एक टोक धरा हो, व्याही! तुमच्यालाही नाचवायचंय."